मायक्रोवेव्हमध्ये बटाटे शिजवायची गोधडीची पिशवी: घरी शिवलेली कितपत सुरक्षित?

सुईदोरा
नमस्कार मंडळी. मी गुहागर तालुक्यातली. आमच्या वाडीत बायकांचा बचत गट आहे. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या, बाळांची दुपटी, भांडी उचलायची जाड फडकी असं शिवून विकतो.

माझी नणंद अमेरिकेत असते. ती आली तेव्हा तिनं एक चौकोनी जाड पिशवी आणली. बाहेरून फुलाफुलांचं सुती कापड, मध्ये कापसाचा थर, आत पुन्हा सुती कापड, सगळ्यावरून गोधडीसारखे टाके आणि तोंडावर दुमडायची झडप. बटाटे धुऊन ओलसरच आत ठेवायचे, पिशवी मायक्रोवेव्हमध्ये ठेवायची आणि पाच-सहा मिनिटांनी मऊ बटाटे काढायचे. तिकडे हस्तकलेच्या जत्रांमध्ये अशा घरी शिवलेल्या पिशव्या विकायला असतात म्हणाली.

गटातल्या बायकांना ती इतकी आवडली की लगेच नमुना शिवायला घेतला. जवळच्या एका घरगुती निवासवाल्यांनी पर्यटकांसाठी ठेवायला मागितल्या, आणि गणपतीआधी प्रदर्शनही आहे. शिवणाचं काम आमच्या हातचं आहे, त्याची चिंता नाही. पण कापड भट्टीत घालायचं म्हटलं की मन घट्ट होत नाही. आमच्या नावानं विकलेली वस्तू कुणाच्या स्वयंपाकघरात पेटली तर?

म्हणून विचारते. अशी पिशवी मुळात सुरक्षित आहे का? असेल तर कापड, दोरा, कापूस कोणता घ्यावा? गटाची बैठक व्हायची आहे, त्याआधी जाणकारांनी बोलावं.

कोकम_सरबत
बटाट्याला गोधडी! आमच्या नातवाची अजून शिवून व्हायचीय. :) छान विषय. वाचतेय.

जांभा_दगड
मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होतो, आता निवृत्त. त्या बाजूनं थोडं सांगतो.

घरगुती मायक्रोवेव्ह २४५० मेगाहर्ट्झच्या लहरी वापरतो. या लहरींची ऊर्जा मुख्यतः पाण्याचे रेणू शोषतात. कोरडा शुद्ध कापूस ती जवळपास शोषतच नाही. बटाट्यात पाच भागांतले चार भाग पाणी. म्हणजे तापतो तो बटाटा, पिशवी नाही. बटाट्यातून निघालेली वाफ कापडात अडकते आणि बटाट्याभोवती फिरत राहते. त्यामुळे तो सगळीकडून सारखा शिजतो आणि साल चिवट होत नाही. खरं तर हे भाजणं नव्हेच, वाफवणं आहे.

जोवर आत पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या आसपास राहतं. सुती कापड करपायला लागतं ते २०० अंशांच्या वर. इथवर सगळं ठीक.

धोका पाणी संपल्यावर सुरू होतो. बटाटा लहान आहे, जुना होऊन सुकलाय, किंवा चारांसाठीची वेळ लावून आत एकच ठेवलाय. मग त्याचा एखादा कोपरा कोरडा पडतो आणि करपतो. करपणं म्हणजे कार्बन तयार होणं, आणि कार्बन या लहरी फार जोरात शोषतो. त्या ठिपक्यापुरतं तापमान झपाट्यानं चढतं. त्याला चिकटून असतं कापड, आणि पिशवी जाड असल्यानं ती उष्णता बाहेरही जाऊ देत नाही. वाफ धरून ठेवणारा तो जाडपणा त्या वेळी उलटतो. आग लागते ती अशी. कापडाचा दोष नसतो, शेवटच्या जास्तीच्या मिनिटांचा असतो.

परदेशी_पाखरू
मी मूळची देवगडची, आता ओहायोत. अशी पिशवी मी कित्येक वर्षं वापरतेय. आमच्याकडे आठवड्यातून दोनदा तरी बटाटे होतात. कधी डाग पडला नाही, वास आला नाही. शिवतानाचा नियम एकच: कापड, मधला थर आणि दोरा, तिन्ही शंभर टक्के सुती. मधला थर इथे मायक्रोवेव्हसाठी चालणारा म्हणून वेगळा मिळतो. पॉलिएस्टर चालत नाही. आणि उष्णता राखणारा जो चकचकीत थर असतो, हॉटपॅडमध्ये घालतात तो, अजिबात नाही. त्यात धातूचा पातळ मुलामा असतो, ठिणग्या उडतात.

उगाच घाबरू नका. ताई, जरूर शिवा.

दुरुस्तीवाला
चिपळूणला मायक्रोवेव्ह, वॉशिंग मशीन दुरुस्त करतो. परदेशी_पाखरू ताई, तुमचं चुकीचं नाही, पण तुमच्या मशीनला ग्रिल आणि कन्व्हेक्शन आहे का?

हे विचारण्याचं कारण सांगतो. आपल्याकडे घरोघरी येतो तो बहुतेक तिन्ही कामांचा डबा असतो: मायक्रोवेव्ह, ग्रिल, कन्व्हेक्शन. केक करायचा म्हणून लोक तोच घेतात. कन्व्हेक्शनला आतली हवाच २०० अंश किंवा त्याहून वर जाते. ग्रिलची कांडी लालभडक होते, आणि ती छताला असते, पिशवीच्या वर काही इंचांवर. कॉम्बी मोडला दोन्ही एकदम. त्यात कापड गेलं की सुती असो नाहीतर रेशमी, पेटणारच. तिथे पाण्याचा हिशोब उपयोगाचा नाही.

आणि बटण चुकीचं दाबलं जाणं रोजचं आहे. बटणांवरची अक्षरं पुसलेली असतात. सुनेनं कालच केक केलेला असतो, सासूबाई आज थेट सुरू करतात. डबा आधीच्या केकनं तापलेला असला तरी कापडाला तो बरा नाही.

परदेशी_पाखरू
नाही हो, आमचा नुसता मायक्रोवेव्ह आहे, इथे साधारण तसेच असतात. ओव्हन वेगळा. हा मुद्दा माझ्या लक्षातच येण्यासारखा नव्हता. माझं म्हणणं माझ्यासारख्या साध्या मशीनपुरतं धरा.

काजूगर
आमच्या कुडाळात लाइट कधी जाता आणि कधी येता तेचो पत्तो नाय. पावसात होल्टेज इतक्या खाली येता की मशीन नुसता घुरघुरता, तापणा नाय. मगे माणूस काय करता? अजून पाच मिनटा लावता. तेवढ्यात होल्टेज येता. बटाटो गेलो कोळशात.

बाकी माका विचारशात तर बटाट्यापेक्षा कणगी, आमचो गावठी कंद, बरी. चुलीच्या इंगळात पुरायची, वरची साल काळी झाली की काढायची. मीठ आणि खोबऱ्याचो तुकडो. बास.

कोकम_सरबत
कणगी! किती दिवसांनी नाव ऐकलं. आणि करांदे? आमच्याकडे उकडून मीठ लावून. थोडे कडसर लागतात, मुलं तोंड वेडीवाकडी करतात, पण मला तेच आवडतात.

काजूगर
करांदे राखेत नाय तर मिठाच्या पाण्यात शिजवूचे. कडूपणा कमी येता.

अष्टागर
अलिबागकडचा आहे. कंदांवरून पोपटी आठवली. थंडीत वालाच्या शेंगा आल्या की मडक्यात भांबुर्डीचा पाला, शेंगा, बटाटे, अंडी, असेल तर मसाला लावलेली कोंबडी, पुन्हा पाला घालून तोंड गच्च करायचं. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा-गोवऱ्या पेटवायच्या. आत पाण्याचा थेंब घालत नाहीत. सगळी वाफ त्या पाल्याची आणि शेंगांची. जांभासर म्हणतात तेच इथे होतं, फक्त पोपटीला वेळ जास्त झाली तर खालचा पाला करपतो, मडकं पेटत नाही. कापडाचं तसं नाही.

खाडीपलीकडे
अवांतर विचारते, क्षमस्व. आईच्या गुडघ्यांसाठी मी सुती पिशवीत तांदूळ भरून शेकायची पिशवी केलीय, ती मायक्रोवेव्हमध्ये गरम करतो. तीही अशीच धोक्याची का?

जांभा_दगड
अवांतर अजिबात नाही, नात्यातलाच प्रश्न आहे. तांदळात पाणी मुळातच कमी. दर वेळी गरम केल्यावर त्यातलं आणखी थोडं उडून जातं. जुनी पिशवी कोरडी होत जाते आणि तेवढ्याच वेळेत पूर्वीपेक्षा जास्त तापते, मधोमध करपते. बाहेरून कळत नाही. गरम पिशवी पांघरुणात घेऊन झोपलं तर आतला धुमसता भाग नंतर पेट घेऊ शकतो. अशा धान्याच्या पिशव्यांबद्दल इंग्लंडमधल्या अग्निशमन दलांनी लोकांना वारंवार सावध केलंय. आईंसाठी गरम पाण्याची रबरी पिशवी वापरा, झाकण घट्ट आहे ना ते बघून.

खाडीपलीकडे
धन्यवाद सर. आजच बदलते.

सुपारीची_बाग
मी मशीनसोबत आलेलं माहितीपुस्तक काढून वाचलं. ते कुणी उघडत नाही, पण त्यात अगदी स्पष्ट लिहिलंय: हे यंत्र अन्न आणि पेय गरम करण्यासाठी आहे. अन्न किंवा कपडे वाळवणं, शेकायच्या गाद्या, सपाता, स्पंज, ओलसर फडकी आणि तत्सम वस्तू गरम करणं, यातून इजा होण्याचा किंवा आग लागण्याचा धोका आहे. पुढे असंही आहे की प्लास्टिकच्या किंवा कागदाच्या भांड्यात अन्न गरम करताना यंत्रावर लक्ष ठेवा, कारण ते पेट घेऊ शकतं.

मामेभावाच्या वेगळ्या कंपनीच्या पुस्तकातही जवळजवळ हेच शब्द निघाले. शोधलं तेव्हा कळलं की मायक्रोवेव्हच्या सुरक्षिततेसाठी आयईसी ६०३३५-२-२५ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आणि ही सूचना पुस्तकात छापणं त्यातच सांगितलंय.

‘ओलसर फडकी’ हा शब्दप्रयोग तिथे आहे. आता पुढे काय बोलायचं?

परदेशी_पाखरू
पण ते नुसतं फडकं गरम करण्याबद्दल आहे ना? पिशवीत अन्न असतं. पाणी असलेला बटाटा आत असताना लहरी बटाट्यातच जातात. मला वाटतं दोन्ही एकच नाही.

सुपारीची_बाग
सुरुवातीच्या मिनिटांत एकच नाही, मान्य. बटाटा सुकल्यावर मात्र आत काय उरतं? गरम झालेलं ओलसर कापड. आणि ती सूचना ज्यांनी लिहिली त्यांनी जगभरच्या अपघातांचा विचार करून लिहिली असणार. एक साधी गोष्ट बघा. उद्या आग लागली आणि विचारणा झाली, तर मशीनवाले पुस्तकातलं हे पान दाखवतील. गटाकडे दाखवायला काय आहे?

मुंबई_गोवा_हायवे
सुपारीची_बाग +१

दुरुस्तीवाला
आमच्या किनाऱ्यावरची आणखी एक गोष्ट. खाऱ्या हवेनं मशीनच्या आतला रंग फुगतो, पोपडे निघतात. खालचा पत्रा उघडा पडून गंजला की तिथे ठिणग्या उडतात. दुसरं म्हणजे आत उजव्या भिंतीवर बहुधा एक राखाडी-चॉकलेटी पातळ चौकोन असतो. तो अभ्रकाचा पत्रा. त्याच्यामागून लहरी आत येतात. त्यावर तेलाचे, मसाल्याचे शिंतोडे बसले की तो करपतो, भोक पडतं आणि ठिणग्या सुरू होतात. माझ्याकडे येणाऱ्या मशीनमध्ये हे दुखणं फार. लोक महिनोन् महिने तसंच चालवतात, ‘थोडा तडतड आवाज येतो, पण तापतंय’ म्हणतात.

अशा मशीनमध्ये काचेचं भांडं असेल तर ठिणगी पडून विझते. जाड सुती पिशवी भिंतीला टेकली असेल तर ती ठिणगी धरते.

ताई, तुम्ही पिशवी कितीही चांगली शिवा, गिऱ्हाइकाचं मशीन कोणत्या अवस्थेत आहे ते तुम्हाला दिसणार नाही.

माडाची_झावळी
मी शिवणकाम करते, वेंगुर्ल्याजवळ. कापडाबद्दल सांगते, कारण ‘शंभर टक्के सुती’ म्हणणं सोपं आणि मिळणं अवघड.

दुकानात शिलाईची रिळं मागितली की हातात येतो तो बहुतेक पॉलिएस्टरचा दोरा. सुती दोरा मुद्दाम मागावा लागतो. पॉलिएस्टर २५० अंशांच्या पुढे वितळतं. ते कापसासारखं राख होत नाही, चिकट थेंब होतात आणि कातडीला चिकटतात.

जुनी लुगडी हे गोधडीचं खरं भांडवल, पण त्यात जर आहे की नाही बघा. काठाची जर कापून काढली तरी पदरात, बुट्टीत बारीक जरतार राहते. तो धातू. खडीची छपाई, चमकी, सोनेरी रंग, हे सगळं तसंच. चेन, हुक, प्रेस बटण, शिवताना राहून गेलेली टाचणी, काहीही चालणार नाही. ‘कॉटन साडी’ म्हणून घेतलेली निम्म्या वेळा मिश्र धाग्याची असते.

कापूसही बघा. आपल्याकडे उशांमध्ये सावरीचा कापूस भरतात. मऊ, हलका, पण चटकन पेटतो. तो यात कधीच भरू नका. तयार मिळणारा पांढराशुभ्र फुगीर थर जवळपास नेहमी पॉलिएस्टरचा.

ओळखायची जुनी रीत: अंगणात, जवळ पाण्याची बादली ठेवून, चिमट्यात दोन-चार धागे धरून निरांजनावर न्या. कापूस कागद जळल्यासारखा वास देतो आणि मऊ राखाडी राख होते. पॉलिएस्टर आधी आकसतं, काळा धूर सोडतं आणि टोकाला कडक मणी उरतो. बोटांनी चुरडत नाही.

सुईदोरा
झावळीताई, हे फार उपयोगी. उद्याच गटातल्या सगळ्या कापडांचे धागे काढून बघते.

चाकरमानी
मी थोडा विरोध करतो. माझी आई गावी एकटी असते, आम्ही दोघं भाऊ मुंबईत. तिला कुकर उचलवत नाही, मनगटं दुखतात. गॅस चालू राहिला की काय या काळजीनं आम्ही रात्री फोन करतो. तिला एक बटाटा, एक रताळं पटकन शिजवून खाता आलं तर किती बरं. काचेचं भांडं जड आणि गरम होतं. पिशवी हलकी. धोका गॅसमध्ये नाही का? प्रत्येक गोष्टीत आग शोधायची तर म्हाताऱ्या माणसानं खायचं काय?

कोकम_सरबत
भाऊ, तुमची काळजी पोचली. माझीही सासू अशीच एकटी राहायची. पण म्हणूनच म्हणते, पिशवी तिच्यासाठी नको. तिनं मशीन लावलं आणि फोन आला, किंवा डोळा लागला, तर समोर कुणी नाही. कापडाच्या वस्तूपाशी उभं राहावं लागतं.

त्यापेक्षा हे करा. मायक्रोवेव्हला चालणारा हलका झाकणाचा डबा आणून द्या. बटाटा धुऊन काट्यानं पाच-सहा ठिकाणी टोचायचा, नाहीतर आत वाफ कोंडून फुटतो. डब्यात दोन चमचे पाणी, झाकण सैल. दीडशे-दोनशे ग्रॅमच्या एका बटाट्याला ८०० वॅटवर ४ ते ५ मिनिटं, मध्ये एकदा उलटायचा. मग दोन-तीन मिनिटं तसाच बंद ठेवायचा, त्यात मधला गाभा शिजतो. रताळ्याला जरा कमी. आणि बाहेर काढताना पकडायला सुईदोरा ताईंचं गोधडीचं फडकं! हिरवा पडलेला बटाटा मात्र टाकून द्यायला सांगा, तो विषार शिजवून जात नाही.

चाकरमानी
हे पटलं. डबा या शनिवारी घेऊन जातो. गाडीचं तिकीट मिळालं तर.

मुंबई_गोवा_हायवे
हायवेनं या की. :)

चाकरमानी
नको, बटाटे पोचायच्या आत कोंब येतील.

अष्टागर
:) मूळ विषयाकडे. कुणी वर्तमानपत्रात बटाटा गुंडाळून मायक्रोवेव्हला लावतं, तेही करू नका. शाई अन्नाला लागते म्हणून देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं (एफएसएसएआय) २०१६ मध्येच वर्तमानपत्रात अन्न गुंडाळू नका असं सांगितलंय, आणि कागद पेटतो ते वेगळं.

सड्यावरचा_वारा
अजून एक धोका कुणी बोललं नाही. पावसाळा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर जाड गोधडी वाळत नाही. पिशवीत प्रत्येक वेळी वाफ मुरते, बटाट्याची माती आणि पिठूळ पाणी लागतं. वरचं कापड कोरडं वाटतं, आतला कापूस ओलाच. चार दिवसांत काळे ठिपके आणि कुबट वास. त्यात अन्न शिजवायचं? पुन्हा मशीनमध्ये फिरवून वाळवावी म्हणाल तर वर सुपारीची_बाग यांनी लिहिलंय ते पान बघा. रिकामी पिशवी वाळवायला फिरवणं तर सगळ्यात वाईट.

खाडीपलीकडे
आणि शिजलेले बटाटे पिशवीतच गरम राहतात म्हणून दुपारपर्यंत ठेवले तर? जाऊबाई तसं करतील, मला माहीत आहे.

जांभा_दगड
ठेवू नये. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतू भराभर वाढतात, आणि जाड पिशवी बटाट्याला तासन् तास त्याच पट्ट्यात ठेवेल. १९९४ मध्ये टेक्सासमधल्या एल पासो इथे ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यात भाजलेले बटाटे तसेच गुंडाळून बाहेर ठेवले होते. ते नंतर चटणीसारख्या पदार्थात वापरले आणि ३० जणांना बॉट्युलिझम, म्हणजे एका जंतूच्या विषानं होणारी गंभीर विषबाधा, झाली. जमिनीतल्या कंदावर त्या जंतूचे बीजाणू असतात, शिजवल्यावरही टिकतात, आणि हवा नसली की वाढून विष तयार करतात. कापडातून हवा जाते, त्यामुळे हुबेहूब तेच होईल असं मी म्हणत नाही. पण शिजलेला बटाटा खावा, नाहीतर उघडा करून निववून फ्रिजमध्ये ठेवावा.

हापूस_नाही_पायरी
मला एक कळत नाही. एवढं सगळं बघायचं तर एका बटाट्यासाठी पिशवी हवीच कशाला? वाफ अडवायचीय ना, झाकण अडवतं की.

परदेशी_पाखरू
खरं सांगू? चवीत फरक थोडा आहे. पिशवीतला बटाटा जरा कोरडा, भुसभुशीत होतो, कारण जास्तीचं पाणी कापड पितं. डब्यातला ओलसर. पण बटाट्याच्या भाजीला किंवा वड्याला निघाला असेल तर काही फरक पडत नाही. मी माझी पिशवी वापरत राहीन, समोर उभी राहून. विकायला मात्र, हे सगळं वाचून, मी सुईदोरा ताईंना आग्रह करणार नाही.

सुपारीची_बाग
मला हाच फरक महत्त्वाचा वाटतो. आपल्या घरात आपण कापड ओळखतो, मशीन ओळखतो, समोर उभे असतो. विकलेली पिशवी अनोळखी हातात जाते. चिठ्ठी लावली तरी पहिल्या धुण्यात जाते. निवासात तर दर दोन दिवसांनी माणूस बदलतो. पर्यटकाला मशीन परकं, पिशवी परकी, आणि तो बटाटा लावून समुद्रावर जाणार.

दुरुस्तीवाला
कुणाकडे आधीपासून अशी पिशवी असेल आणि धूर दिसलाच, तर एवढं लक्षात ठेवा: दार उघडू नका. दार उघडलं की हवा मिळते आणि भडका उडतो. मशीन बंद करा, भिंतीवरचं बटण बंद करा, जमलं तर प्लग काढा. आत हवा संपली की आग बहुधा आपोआप विझते. पाणी मारू नका. नंतर मशीन दाखवल्याशिवाय पुन्हा लावू नका.

माडाची_झावळी
वाटीखाली ठेवायची जी गोधडीची घरटी निघालीत, सूपची वाटी त्यात ठेवूनच मायक्रोवेव्हमध्ये घालायची म्हणतात, त्यांनाही हेच सगळं लागू. त्यात तर लोक पॉलिएस्टरचा थर सर्रास घालतात. गट त्याकडे वळायचा विचार करत असेल तर आधीच सांगते.

सुईदोरा
सगळ्यांचे मनापासून आभार. आमची बैठक झाली.

आधी कापडाचं. अंगणात निरांजन लावून सगळ्या ढिगातले धागे तपासले. आमची नऊवारी जुनी लुगडी खरी सुती निघाली. पण पिशवीसाठी दुकानातून मुद्दाम आणलेलं, ‘प्युअर कॉटन’ म्हणून दिलेलं फुलांचं कापड आकसलं आणि मणी सोडला. दोराही पॉलिएस्टरचाच. मधला थर आम्ही उलगडून बघितला, तोही. गटात सगळ्यांसमोर हे झालं, म्हणून वाद झालाच नाही. ज्या बाईंनी सगळ्यात जास्त उत्साहानं नमुना शिवला होता त्यांनीच सांगितलं, ही माझ्या लेकीला देणार नाही, मग दुसऱ्याच्या लेकीला कशी विकू?

म्हणून बटाट्याच्या पिशव्या विकायच्या नाहीत असं ठरलंय. निवासवाल्यांना मी स्वतः जाऊन ग्रिलचं आणि माहितीपुस्तकाचं सांगितलं. त्यांना पटलं. त्यांनी त्याऐवजी गरम भांडी उचलायची फडकी आणि चहाच्या किटलीवर घालायची टोपी मागितली. ती मशीनबाहेरच वापरायची, तरी दोरा सुतीच घेणार, कारण फडकं गॅसजवळ जातं. पोळ्यांच्या डब्यात घालायचे गोल रुमालही करतोय.

एकच प्रश्न उरलाय. तयार झालेल्या नमुन्याच्या पिशव्यांचं काय करावं? फेकायचं जिवावर येतं.

माडाची_झावळी
झडप उसवा, दोन बाजू उसवा, उघडून सपाट करा. जेवणाच्या टेबलावर गरम भांड्याखाली घालू नका, पॉलिएस्टर आहे. खुर्चीवर बसायला आसनं होतील. झडप ठेवून दिली तर कुणीतरी पाहुणा पुन्हा मशीनमध्ये घालेल, म्हणून ती आधी काढा.

काजूगर
आसनां झाली की चार माका धाडा. देवळाच्या पायरीर बसाक बरी. पैशे मनीऑर्डरीन नको, जीपेन धाडतंय.

खाडीपलीकडे
मला फडकी हवीत, सुती दोऱ्याची. आणि काजूगर, कणगी मायक्रोवेव्हच्या डब्यात होते का? आमच्या घरी चूल उरली नाही.

काजूगर
होता. सोलू नको, धुवन टोचून घे, बटाट्यापेक्षा थोडा जास्त पाणी घाल, कणगी सुकी असता. पाच मिनटांनी काट्यान बघ. चुलीची चव येवची नाय, पण मीठ-खोबऱ्यावांगडा जाता पोटात.